पाठीतली कपची

नंबर अनोळखी होता. मी भाताला फोडणी देत होतो, म्हणून पहिल्यांदा उचलला नाही. पुन्हा वाजला तेव्हा गॅस बारीक केला. पलीकडून जाडाभरडा आवाज आला, "डॉक्टर हाय का?"

मी डॉक्टर नाही. फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो. मलमपट्टी, इंजेक्शन, सलाईन एवढंच माझं काम. पण डोंगरावरच्या पोस्टवर खरा डॉक्टर क्वचितच पोचायचा, त्यामुळं कंपनीतले जवान मलाच डॉक्टर म्हणायचे. पेन्शनीत निघून वडूजला परतल्यावर त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. इथं मी आधी शिंप्याच्या घरातला धाकटा होतो, मग पोरांचा अब्बा झालो, आणि बायको गेल्यापासून गल्लीचा नुसता चाचा.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

"आवं, वळखलं न्हाई? मी जतवाला."

कंपनीत आम्ही दोघंच या बाजूचे. तो जत तालुक्यातला धनगर, मी इथला, खटाव तालुक्यातला मुसलमान. बाकीच्यांना दोन्ही गावं सारखीच, म्हणून तो जतवाला आणि मी डॉक्टर. मी त्याला शेवटचं पाहिलं ते स्ट्रेचरवर. त्यानंतर त्याची बदली दुसरीकडं झाली, माझीही झाली, आणि पत्ता कधी घेतलाच नव्हता. माझा नंबर त्यानं कुठल्याशा माजी सैनिकांच्या ग्रुपवरून शोधून काढला होता.

"एक काम हाय तुमच्याकडं," तो म्हणाला. "तोंडावर सांगायचं हाय. यिऊ का?"

त्याच आठवड्यात तो आला. गाड्या बदलत, आटपाडीवरून. स्टँडवर मी त्याला चालण्यावरून ओळखलं. उजवा पाय टाकताना तो किंचित थांबायचा, जणू जमीन जागेवर आहे का ते बघत होता. केस पांढरे झाले होते, मिशी मात्र तशीच. त्यानं मला मिठी मारली आणि स्टँडवरची माणसं बघायला लागली.

घरी आल्यावर मी चहा करून त्याच्या हातात दिला. कपाकडं बघत तो म्हणाला, "गावात दगड बसवत्यात. फौजेत गेल्याल्यांची नावं कोरायची. लढाईत जखमी झाल्याल्यांच्या नावाम्होरं चांदणी."

"मग?"

"माज्या म्होरं न्हाई."

त्याच्या डिस्चार्ज बुकात लिहिलं होतं, घसरून पडल्यामुळं उजव्या पायाला दुखापत. फौजेत या दोन गोष्टी वेगळ्या. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्याला पदक मिळतं. पाय घसरून पडलेल्याला औषधोपचार मिळतो, बस.

"मला गावात पडका फौजी म्हणत्यात, डॉक्टर," तो म्हणाला. "इतकी वर्सं मी बी हसलो. लेकीच्या सासरी कुणीतरी तसंच म्हणलं. आता हसू यीना."

तो घसरला होता हे खरंच. पण का घसरला ते मला ठाऊक होतं, कारण त्याच्या पाठोपाठ मीच होतो. उत्तरेच्या डोंगरात तेव्हा मारा चालू होता. आम्ही वरच्या पोस्टवर राशन आणि औषधं घेऊन चढत होतो. उजाडलं होतं, आणि तेच वाईट होतं, कारण वरून आम्ही दिसत होतो. एक गोळा कड्यावर फुटला. मी खाली पडलो आणि मान वर केली तेव्हा पुढं तो नव्हता. खाली दगडांच्या घळीत पडला होता. मी बसून घसरत घसरत त्याच्यापर्यंत गेलो. पाय मोडला होता, तो मी बांधला. मग त्याला कुशीवर वळवलं तर पाठीवर कोट फाटलेला आणि रक्त. लहान भोक होतं. तेही बांधलं. सोबतच्या चिठ्ठीवर दोन्ही जखमा लिहिल्या आणि ती त्याच्या बटणाला अडकवली. खालच्या तळावर पोचेपर्यंत बर्फ, पाणी, धक्के. चिठ्ठी कुठंतरी गळून गेली असावी. तिथं शंभर कामं. त्यांना मोडलेला पाय दिसला, पाठ खडकावर खरचटली असं वाटलं. त्यांनी टाके घातले आणि दिसलं ते लिहिलं. कुणाला दोष देणार?

"मी लिहून देतो," मी म्हणालो. "आजच."

तहसील कचेरीसमोर बसणाऱ्या वकिलाकडं आम्ही प्रतिज्ञापत्र केलं. मी सांगत होतो, वकील टाईप करून घेत होता, आणि जतवाला खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होता. सही झाल्यावर तो बाहेर येऊन म्हणाला, "मला हे ठावंच नव्हतं. तुमी खाली कसं आला ते."

त्याला कसं ठाऊक असणार? तो बेशुद्ध होता. त्या सकाळचा अर्धा भाग माझ्याजवळ होता आणि अर्धा त्याच्याजवळ. एवढ्या वर्षांत ते दोन्ही एका जागी आले नव्हते.

त्याचा जिल्हा सांगली, म्हणून सांगलीला माजी सैनिकांच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, अर्ज वरती पाठवला. काही महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. साक्षीदार आहे हे ठीक, वैद्यकीय पुरावा हवा.

म्हणून मिरजेला गेलो. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. तो जतहून आला, मी वडूजहून, आणि एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसलो. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. बरगडीच्या खाली, कण्याच्या कडेला, ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता.

"हे काय आहे?" डॉक्टरांनीच आम्हाला विचारलं.

"तोफगोळ्याची कपची," मी म्हणालो.

जतवाला वाकून बघत राहिला. "ही माज्यासंगं हाय व्हय एवढी वर्सं? मेंढरामागं बी हिंडली. लग्नाला बी आलती." मग हसायला लागला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. डॉक्टरांनी नजर वळवली आणि रिपोर्ट लिहायला घेतला.

काढायची का, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. आता वळख झाली."

त्या दिवसापासून त्याचा संध्याकाळी फोन यायला लागला. मेंढरं वाड्यात घातली की तो करायचा. "काय डॉक्टर, काय कळलं का?" कळलं असतं तर त्यालाच आधी कळलं असतं, मला कुठून? पण तो विचारायचा, आणि मी "अजून न्हाई रं गड्या" म्हणायचो, आणि मग आम्ही बोलत बसायचो. पोस्टवरच्या स्वयंपाक्याबद्दल, खेचरांबद्दल. त्याच्याकडं टँकर आला का, माझ्याकडं पाऊस झाला का. तिकडं शेजारी कुणी कन्नडमध्ये ओरडलं की तोही कन्नडमध्ये ओरडायचा आणि परत माझ्याकडं यायचा.

माझ्या घरातली शांतता कशी होती ते आधी सांगायला हवं होतं. मुलगा मस्कतला. शुक्रवारी व्हिडिओ कॉल करतो, नातू पडद्यावर हात हलवतो आणि पळून जातो. मुलगी कराडला, तिचा संसार तिला पुरून उरतो. एकट्या माणसाला भिंतींशी बोलायची सवय लागते असं म्हणतात. मला तशी लागली नाही. मी गप्प राहायला शिकलो होतो. कित्येक दिवस असे जायचे की दूधवाल्याला "अर्धा लिटर" एवढंच मी बोललेलो असायचो. मशिदीत सलाम व्हायचा, पण सलामाच्या पुढं विचारायला कुणाला वेळ नसतो. ईदला शीरखुर्मा मुलगी पाठवायची. मी तो खायचो आणि डबा धुऊन ठेवायचो.

मग वरून दुसरं पत्र आलं. त्यावेळच्या अधिकाऱ्याचा लेखी दुजोरा हवा होता. जतवाल्यानं फोनवर पत्र वाचून दाखवलं आणि शेवटी त्याचा आवाज खाली बसला.

"ह्ये काय हुईत न्हाई, डॉक्टर. उगं तुमास्नी बी तरास."

"होईल. साहेबांना शोधू. मी आहे ना."

फोन ठेवला आणि कांदा चिरायला घेतला. थोड्या वेळानं लक्षात आलं, मी गुणगुणतोय. सुरी तशीच हातात धरून मी उभा राहिलो. त्याचं काम अडलं होतं, आणि मला बरं वाटत होतं. काम संपेपर्यंत तो फोन करणार होता.

ते कळल्यावर मी जास्तच जोरानं कामाला लागलो. या माणसाकडून त्या माणसाकडं नंबर मिळवत मी आमच्या त्यावेळच्या कॅप्टन साहेबांपर्यंत पोचलो. निवृत्त होऊन ते दूर दक्षिणेत राहत होते. त्यांना आधी काही आठवेना. मी घळ सांगितली, सकाळ सांगितली, तेव्हा म्हणाले, "वह लंबी मूंछवाला? हां, हां." त्यांनी लिहून पाठवलं.

उत्तराची वाट बघण्याच्या त्या काळात मी एकदा त्याच्या गावी जाऊन राहिलो. उघडा माळ, बाभळी, टँकरजवळ रांगेनं ठेवलेल्या घागरी. त्याची बायको कन्नड बोलते, मराठी अडखळत. मी उंबऱ्यात पाय ठेवताच म्हणाली, "बर्री, बर्री," आणि भाकरी वाढताना प्रत्येक वेळी, "ऊटा माड्री." मला ते शब्द येत नव्हते, पण ताटात भाकरी पडली की अर्थ कळायचा. जतवाल्यानं मला तो दगड दाखवला. पारापाशी उभा होता, नावं कोरून झालेली. त्यानं स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं आणि पुढच्या मोकळ्या जागेवर थांबवलं.

एका दुपारी त्याचा फोन आला. दुपारी तो कधी करत नसे.

"डॉक्टर, आलं."

नोंद बदलली होती. पदक मंजूर झालं होतं. तो रडत होता, मागं त्याची बायको मोठ्यानं काहीतरी विचारत होती. मी "मुबारक, मुबारक" म्हणत राहिलो. मलाही आनंद झाला होता, हे मी शपथेवर सांगेन.

गावानं कार्यक्रम केला. मांडव, स्पीकर, हलगी. त्यानं मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. मग तालुक्याचे पाहुणे आले, खुर्च्या कमी पडल्या, एका कार्यकर्त्यानं हात जोडून "चाचा, जरा मागं बसता का?" म्हटलं. मी मागं गेलो. फौजेतून आलेल्या मोठ्या साहेबांनी त्याच्या छातीवर पदक लावलं. पाथरवटानं त्याच्या नावापुढं चांदणी कोरली होती, तिच्यावरचा कपडा काढला. त्याला बोलायला उभं केलं तेव्हा माईक हातात धरून तो नुसता गर्दीत शोधत राहिला. "आमचं डॉक्टर हायती कुठं तरी हितं," तो म्हणाला, "त्येंनी मला वर काडलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला वाजवतोय ते त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या शेजारच्या माणसानं मला विचारलं, "कंच्या दवाखान्याचा डॉक्टर?"

खाली उतरल्यावर त्यानं मला धरलं. फेटा सुटायला आला होता, कपाळावर गुलाल. "जेवल्याबिगर जायचं न्हाई," म्हणाला, आणि तेवढ्यात त्याला फोटोसाठी ओढून नेलं. ज्यांनी त्याला पडका म्हटलं असेल तेच त्याला खांद्यावर घेत होते. त्याच्या बायकोनं भाकरी-चटणी फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. शेवटची गाडी चुकायला नको म्हणून मी निघालो.

पुढं थोडे दिवस फोन आले. शाळेत भाषणाला बोलावलंय, सांगलीला सत्कार आहे. मग आठवड्यातून एकदा, मग तेही नाही. त्यात त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. पडक्या फौजीला बोलायला एक माणूस लागत होता. आता त्याच्याशी बोलायला सगळं गाव होतं.

एका संध्याकाळी मी माझं स्वतःचं डिस्चार्ज बुक काढून वाचलं. नाव बरोबर, गाव बरोबर, बदल्या बरोबर, वर्तणूक उत्तम, जखम नाही. सगळं जिथल्या तिथं होतं. दुरुस्त करून घ्यावं असं माझ्या कागदात काहीच नव्हतं.

परवा मीच फोन लावला. सूर्य बुडायला आला होता. त्याच्या बायकोनं उचलला.

"कोण? डॉक्टर? बर्री," ती म्हणाली. मी फोनवर होतो, तरी आत या म्हणत होती. "त्ये न्हाईत. सांगलीला."

"असू दे, वहिनी. सहज केला होता. बरा आहे ना तो?"

तिनं शब्द जुळवायला वेळ घेतला. "आदी रातीला उटून बसायचं. रोज. आता झोपत्यात." मग म्हणाली, "तुमी केलं."

आणि लगेच तिनंच विचारलं, "तुमी झोपता?"

"झोपतो की," मी म्हणालो.

"हां, हां," ती म्हणाली, आणि फोन बंद न करताच कुठंतरी ठेवून कामाला गेली. मेंढरं परतली असावीत. त्यांचं बेंबटणं ऐकू येत होतं, कुत्रं भुंकत होतं, ती त्यांना कन्नडमध्ये हाकलत होती, बादली आदळली. मी फोन कानाशी धरून खुर्चीत बसून राहिलो. आमच्या घरात अंधार पडला होता, दिवा लावायचा होता. तिकडच्या वाड्याचं दार लागेपर्यंत मी उठलो नाही.