प्रेमाचा डबा आणि ओल्या खोबऱ्याची चटणी

घाटकोपरच्या भटवाडीत घाबरटपणाची शर्यत लावली असती ना, तर आमची प्रेमा पहिली आली असती आणि बक्षीस घ्यायला स्टेजवर जायला घाबरली असती. पाल चुकचुकली की ही दचकून खाटेवर. कुकरची शिट्टी लांबली की ही थेट दाराबाहेर. पण शहाऐंशीच्या मे महिन्यातल्या तिच्या भीतीवर मनापासून हसायची हिंमत चाळीत कुणाला झाली नाही.

त्याचं कारण उत्तरा. आदल्या उन्हाळ्यात गावाला जाताना प्रेमाच्या या लेकीनं वाटेत बटाटेवडा खाल्ला होता. उलट्या, जुलाब, वर ते ऊन. कशेडी घाट उतरेपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले आणि हाक मारली तर ओ देईना. वाटेतल्या एका दवाखान्यात सलाईन लावलं म्हणून वाचली. आणि यंदा तर धाकट्या दिराचं लग्न. न जाऊन सांगता कुणाला?

मग प्रेमानं डब्याचा असा काही ध्यास घेतला की बघतच राहावं! बटाटा बाद, तो आंबतो. पुऱ्या बाद, तेलानं तहान लागते. फरसाण तर दाराबाहेरूनच बाद. शेजारच्या नीलाकडून ती दशम्या शिकली. कणीक दुधात भिजवायची, पाण्याचा थेंब लावायचा नाही, म्हणजे उन्हातही टिकतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, चणे-गूळ, सालासकट केळी, न चिरलेल्या काकड्या. वॉटरबॅगेत उकळून गार केलेलं पाणी आणि बाटलीत मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत.

"प्रेमा, गावाला चाललीस की हिमालयात गं?" नीला म्हणाली.

"हास तू. तुझी पोर नाही ना गेलेली हातातून!"

नीला काकड्या धुवायला बसली.

सासूबाई जानकी मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. लग्नाच्या खरेदीला मुंबईत आल्या होत्या, आता बरोबरच परत निघालेल्या. डब्यात डोकावून त्यांनी नाक मुरडलं. "खोबऱ्याशिवाय कसला गो जेवान? ह्या तर आजाऱ्याचा खाणा!"

"आई, ओलं खोबरं उन्हात टिकत नाही."

"माका शिकव आता. जल्म गेलो माजो नारळ खवण्यात!"

सकाळी कुर्ल्याहून एस्टी सुटली. पनवेल गेलं, महाड आलं, बसचा पत्रा तव्यासारखा तापला. महाडला प्रेमा तोंडावर पाणी मारायला उतरली. परत येऊन बघते तर डबा उघडा आणि उत्तराच्या हातात दशमीचा शेवटचा घास. दशमीला हिरवं काहीतरी लागलेलं. प्रेमानं डबा नाकाशी नेला. आंबूस वास!

"आई, हे काय?"

"चेडवाक आवडता म्हणान सकाळीच जरा ओली चटणी लावलंय," सासूबाई म्हणाल्या. तेवढ्यात त्यांच्याही नाकात तो वास गेला आणि तोंडावरचं हसू उतरलं. "अगो... मिया हुंगूक नाय गो."

प्रेमानं डबा मिटला आणि सीटखाली ढकलला. पुढच्या सीटवरून नवरा सहदेव म्हणाला, "एका दशमीनं काय होतंय?" तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा खिडकीकडे वळला.

कशेडी घाट लागला आणि उत्तरा पोट धरून वाकली. तिसऱ्या वळणाला सगळं बाहेर. पुन्हा तेच ऊन, तोच घाट, तेच सुकलेले ओठ. प्रेमाला वाटलं, दैव आपल्याला त्याच जागी बोलावून नेतंय. तिनं सरबत चमच्यात ओतलं. अर्धं साडीवर सांडलं.

"एकदम नको, आई. चमचा चमचाच," ती म्हणाली, कारण सासूबाई घाईनं बाटलीच पोरीच्या तोंडाला लावायला निघाल्या होत्या.

"चुकलंय गो मिया, चुकलंय," म्हणत म्हातारी पदरानं वारा घालत राहिली. एक चमचा. थांबायचं. दुसरा चमचा. वळण आलं की प्रेमा चमचा हवेत तसाच धरून ठेवी. मधूनच ती हाक मारी, "उत्तरा, ओ दे गं." "ओ" यायची, पण बारीक. खेड गेलं. पोर डोळे मिटून पडली. प्रेमाची बोटं तिच्या नाकाशी, श्वास लागतोय का बघायला. गेल्या साली डॉक्टर म्हणाले होते, पोर लघवीला जातेय तोवर धीर सोडू नका. सकाळपासून तर ती एकदाही गेली नव्हती. चमचा, थांबणं, चमचा.

चिपळूण जवळ आलं तशी उत्तरा चुळबुळली. "आई..."

"काय गं? पोटात दुखतंय?"

"शू आलीय."

प्रेमा धाडकन उभी राहिली. पाल चुकचुकली तरी दचकणारी ही बाई भरल्या बसमध्ये खणखणीत ओरडली, "ओ कंडक्टर, गाडी थांबवा! माझ्या पोरीला शू आलीय!"

अख्खी बस हसली. सासूबाई तोंडात पदर कोंबून रडत होत्या. प्रेमा लेकीला कडेवर घेऊन उतरली, आणि करवंदीच्या जाळीआड उन्हात उभी राहून इतका वेळ रडली की कंडक्टरला दोनदा घंटी मारावी लागली.