दोन आया, दोन पोरी आणि आमचं हिंदी

मंडळी, आज शाळेच्या गेटवर माझी चांगलीच फजिती झाली.

जूनमध्ये आम्ही लालबागहून मीरा रोडला, शांती नगरात राहायला आलो. माझ्या लेकीची, ईशाची, मराठी शाळा सुटली आणि सहावीला इंग्रजी शाळा आली. गणित कळत नाही म्हणून रोज रडारड. 'बाकावरच्या तन्वीला विचार ना,' म्हटलं तर म्हणे, 'हिंदीत कसं विचारू?'

आज तन्वीची आई गेटवर शेजारीच उभी होती. मी म्हटलं, 'आपकी लडकी बहुत हुशार है.'

'नहीं हो, घर में बहुत मस्ती करती.'

तेवढ्यात तन्वी आली आणि त्या तिच्यावर खेकसल्या, 'डबा खाल्लास का न्हाय?'

'अहो, तुम्ही मराठी?' मी विचारलं. त्या इथल्याच, भाईंदरच्या जुन्या गावातल्या. आम्ही दोघी आणि आमच्या पोरी इतके दिवस एकमेकींशी मोडकंतोडकं हिंदी बोलत होतो.

आत्ता तन्वी आमच्याकडे आलीय, अपूर्णांक चाललेत. आतून ईशाचा आवाज येतोय, 'नाही कळलं गं, परत सांग.'

नव्या शाळेत हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. तुमच्या मुलांना ते कुणापाशी म्हणता आलं?