वेवजीची नर्स, माझ्या वर्गातली

तिच्याबद्दल कोणी गहिवरून बोलायला लागलं की मला अजून राग येतो. तिच्यावर नाही. म्हणजे, थोडा तिच्यावरही.

आमची डहाणूला चिकूची वाडी. ती किनाऱ्यावरच्या मांगेल्यांची. सकाळी आईबरोबर मासळीच्या पाट्या बाजारात पोचवून ती शाळेत यायची. अंगाला वास येतो म्हणून मुली तिच्या शेजारी बसत नसत. मी बसले, पण ते मोठ्या मनानं वगैरे नाही. मला गणित येत नव्हतं आणि तिला येत होतं. तिनं ते पहिल्याच आठवड्यात ओळखलं. म्हणाली, "तू वास सोस, गणितं मी सांगते." आठवीपासून अकरावीपर्यंत आम्ही एकाच बाकावर होतो.

मॅट्रिक झाल्यावर माझं लग्न गावातच लागलं. ती मुंबईला जाऊन नर्स झाली आणि तलासरी तालुक्यात, वेवजीच्या बाजूला एका लहानशा दवाखान्यात लागली. आजूबाजूच्या सगळ्या पाड्यांना ही एकटी. पायीच हिंडायची. वारली बायकांशी त्यांच्या बोलीत, हद्दीपलीकडून येणाऱ्यांशी गुजरातीत बोलायची. बाळंतपणं करायची, देवीची लस टोचायची, जखमा बांधायची. मदतीला आणखी एक नर्स द्या म्हणून तिनं तीन अर्ज केले. एकाचंच उत्तर आलं, की अर्ज योग्य मार्गानं आलेला नाही. मला ते दाखवून ती हसत सुटली. मला हसू आलं नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. एका रविवारी ती आईला भेटायला डहाणूला आली आणि जाताना माझ्याकडे डोकावली. लंगडत होती. पायाला फडकं गुंडाळलेलं. कापलेल्या बांबूचा खुंट चार दिवसांपूर्वी तळव्यात घुसला होता.

"धनुर्वाताची सुई घेतलीस?" मी विचारलं.

"होत्या त्या संपल्या. मागवल्यात."

"मग इथल्या डॉक्टरांकडे चल. हाकेच्या अंतरावर आहेत."

"आज रविवार, ते जेवून झोपले असतील. माझी तीनची गाडी चुकेल. उद्या साहेब तपासणीला यायचेत, रजिस्टरं भरायची राहिलीत."

"तपासणी महत्त्वाची की पाय?"

"अगं, सूज उतरलीय. उगाच घाबरवू नकोस."

त्या दिवशी माझ्या नणंदेला बघायला पाहुणे यायचे होते. मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. "बरं, पण सुया आल्या की पहिली तू घे," एवढं म्हणून मी पुन्हा विळीकडे वळले. हात धरून नेलं असतं तर ती आली असती. हट्टी होती, पण माझं ऐकायची.

बुधवारी तिची दातखीळ बसली. पाड्यावरच्या माणसांनी बैलगाडीत घालून तलासरीला आणलं, तिथून कोणाच्या तरी जीपनं पुढे मोठ्या दवाखान्यात. शुक्रवारी ती गेली. साहेब तपासणीला आलेच नव्हते.

पंधरा दिवसांनी शाळेत शोकसभा झाली. एकामागून एक सगळे सांगत होते की तिनं स्वतःचा विचार केला नाही, सेवेसाठी देह ठेवला. सेवेसाठी कसला? रजिस्टरांसाठी. मला बोलायला सांगितलं होतं. उठून हे सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून मी बाहेर आले.

व्हरांड्यात तिची आई बसली होती. तिला आत बोलवायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"आत काय बोलतात?" तिनं विचारलं.

"तुमची मुलगी फार चांगली होती म्हणतात."

"ते मला ठाऊक हाय. दवाखान्यात सुई का नव्हती, ते बोलला का कोण?"

मी नाही म्हटलं. ती उठली, लुगडं झटकलं आणि बाजाराच्या दिशेनं चालू लागली. मी तिच्या मागोमाग गेले नाही. आत जाऊन बसले आणि सभा संपेपर्यंत बसून राहिले.