उतारावरचे चिरे

रांग मोडणाऱ्याला हुसेनभाई आधी कानाखाली वाजवत आणि मग विचारत, "नाव काय रे तुझं?" रत्नागिरीजवळच्या आमच्या बंदरावर नव्या ड्रायव्हरची त्यांच्याशी ओळख व्हायची ती अशी. "आधी कान, मग नाव," ते म्हणायचे. "नाव इसरतो माणूस, कान नाय इसरत."

पूर्वी ते गलबतावर खलाशी होते, पुढे ट्रकवर आले. जाड मनगटं, मेंदीनं रंगवलेली दाढी. महामार्गावरच्या पाली गावावरून माल घेऊन येणारे ट्रक बंदराच्या उतारावर रांगेत थांबत. चाकापुढे जांभ्याचा चिरा लावून ड्रायव्हर जेवायला जात, नमाजाला जात. चिरा आहे तोवर जागा त्याची. एका क्लीनरनं दुसऱ्याचा चिरा सरकवला, तेव्हा हुसेनभाईंनी त्याचे दोन दात पाडले. मग मच्छीवाल्याकडून बर्फ मागून आणून स्वतःच त्याच्या तोंडाला लावत बसले.

मी तिथला वाहतूक अधिकारी. सकाळच्या गर्दीत आत येणाऱ्या ट्रकला जादा दर, दुपारी दोननंतर कमी, हा नियम मी आणला. सकाळी रस्ता मोकळा झाला, मच्छीचे टेम्पो सुटले. पण आता सगळे ट्रक उतारावर दोन वाजण्याची वाट बघत उभे राहू लागले. ड्रायव्हरांच्या बैठकीत मी म्हणालो, "यापुढे जागा दरानं ठरेल, दगडानं नाही."

मागून हुसेनभाई बोलले, "तुमच्या दराला चाक अडतं काय ओ साहेब?"

सगळे खदाखदा हसले. ते हसू मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उतारावरचे सगळे चिरे मी डंपरमध्ये भरायला लावले.

दोन वाजले. एकदम सगळी इंजिनं सुरू झाली. एक ट्रक कडेनं पुढे घुसला. हुसेनभाईंनी त्याचं दार उघडून ड्रायव्हरला खाली ओढलं आणि कानाखाली ठेवून दिली. त्याच्या क्लीनरनं चाकाचे नट खोलायची लोखंडी टॉमी त्यांच्या डोक्यात घातली. ते आडवे झाले. वरच्या ट्रकचा ड्रायव्हर भांडण सोडवायला उडी मारून उतरला. भरलेला ट्रक, हँडब्रेकनं तो धरला नाही. चाकापुढे काहीच नव्हतं. ट्रक उतारावरून सुटला, चाक हुसेनभाईंवरून गेलं. इतक्या इंजिनांच्या घरघरीतही हाडांचा आवाज मला फाटकापाशी ऐकू आला.

जबाबात मी लिहून दिलं, मयतानं प्रथम हात उचलला. ते खरंच होतं. चिऱ्यांचं कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. हुसेनभाई गावात मारामारीत मेलेले गुंड ठरले.

नोकरी संपून वर्षं गेल्यावर, परवा मी त्यांच्या मुलाकडे, रफीककडे गेलो. तोही ट्रकच चालवतो. अंगणात ट्रक उभा होता, चाकापुढे चिरा. नाव न सांगता आधी चिऱ्यांचं सांगितलं, मग जबाबाचं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग अशी एक वाजवली, की मी त्या चिऱ्याशेजारी जाऊन पडलो.

चष्मा उचलून त्यानं माझ्या हातात दिला.

"नाव काय तुमचं?"

मी सांगितलं.