मावशीचं टेबल आणि बॉयलरकाकांचं राज्य

माझी मावशी कुणाचीही बॉस व्हायला तयार नाही. ऐकायला भारी वाटतं. तिच्याबरोबर काम करून बघा, मग कळेल डोकं कसं फिरतं ते.

आमची लॉन्ड्री आहे. आमची म्हणजे पाच जणांची. हॉस्पिटलच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं आमच्याकडे येतं. बॉयलरकाका वाफ सांभाळतात. वकील इस्त्रीच्या रोलरवर असतो. तो वकील बिकील काही नाही, पण त्याला चहा विचारला तरी आधी हरकत घेतो, म्हणून वकील. घडीवाली घड्या घालते. मावशी धुलाईच्या मशीनवर आणि मी माल पोचवायच्या गाडीवर. मी शाळा अर्धी सोडली, वर्गात बसून राहणं जमलं नाही. गाडी जमते.

पूर्वी लॉन्ड्री शेठची होती. पाणी प्यायला जायचं तरी "शेठ, जाऊ का?" विचारायला लागायचं. मावशीनं अर्धं आयुष्य ते "जाऊ का" म्हणण्यात घालवलं. मग शेठला कंटाळा आला आणि जुन्या मशीन आमच्या गळ्यात मारून तो निघून गेला. त्याच काळात मावशी लायब्ररीतल्या संध्याकाळच्या वर्गाला जायला लागली होती. राज्यशास्त्राची ओळख. फुकट होतं आणि खोलीत पंखा चांगला होता. बाई पंख्यासाठी गेली आणि डोक्यात खूळ घेऊन आली.

माझी आई गेल्यापासून मला हिनंच वाढवलं, त्यामुळे ते खूळ सगळ्यात आधी माझ्या ताटात. मी जेवायला बसले की हिचं सुरू.

"सार्वभौम म्हणजे माहितीये? ज्याच्या वर कुणी नाही. शेवटचा शब्द ज्याचा."

"मग आपल्या घरात नळ सार्वभौम. तो आला की तू अंघोळ अर्धी टाकून पळतेस."

ती इतकी हसली की हातातला डाव खाली ठेवायला लागला. पण सोडलं नाही. "सत्ता वेगळी, अधिकार वेगळा," म्हणाली. "शेठ म्हणायचा उभी राहा, मी उभी राहायचे. ही सत्ता. त्यानं पाठ वळवली की लगेच बसायचे. तुझी आई म्हणायची जेवून घे. तिनं पाठ वळवली तरी मी जेवायचेच. हा अधिकार. ऐकणाऱ्यालाच वाटायला पाहिजे की हिचं ऐकणं बरोबर आहे."

तर लॉन्ड्री हातात आल्यावर मावशीनं पहिली गोष्ट काय केली? टेबल. घड्या घालायचं मोठं लाकडी टेबल आहे, मधल्या सुट्टीत ते रिकामं करायचं. काही ठरवायचं असलं की सगळ्यांनी भोवती उभं राहायचं आणि पटलं त्यानं टेबलावर हात ठेवायचा. पाचही हात पडले तरच ठरलं. एक हात जरी खाली राहिला तरी नाही ठरलं. मोजायचं नाही. मावशी म्हणायची, मोजायला लागलं की हरलेला माणूस तयार होतो, आणि तो उद्या त्याच मशीनवर तोंड पाडून उभा असतो.

सुरुवातीला मजा आली. मला तर फार आवडलं. शाळेत कुणी मला खिडकी उघडू का एवढंही विचारलं नव्हतं, आणि इथे बॉयलरकाका माझ्या हाताकडे बघत थांबायचे.

मग ड्रायरच्या दाराचं रबर फाटलं.

वाफ बाहेर यायची, चादरी दमट राहायच्या. मेकॅनिकला बोलवायचं, एवढीच गोष्ट. पण ती मशीन उघडता येणारा मेकॅनिक एकच, शेठचा मेहुणा. वकिलानं दोन्ही हात खिशात घातले.

"तो माणूस आत आला की शेठ आत आला. शेठनं मला सगळ्यांसमोर गाढव म्हटलं होतं."

"अरे, रबर बसवून जाईल," मी म्हटलं.

"माझ्या मर्जीविरुद्ध कुणी काही करायला लावायचं नाही. हेच ठरलंय ना आपलं? माणसाचं स्वातंत्र्य काही आहे की नाही?"

घडीवाली चिडली. "तुझं स्वातंत्र्य आणि दमट चादरीच्या घड्या मी घालू? सगळ्यांना सारखं असलं पाहिजे. तू घाल दमट घड्या."

"हे बघा," बॉयलरकाका म्हणाले. "घराला एक कर्ता लागतो. कडक. बाकी सगळं पुस्तकातलं."

मावशीनं प्रत्येकाचं ऐकलं आणि ठरलं काय? काही नाही. पुन्हा उद्या बोलू. उद्या पुन्हा वकिलाचे हात खिशात. आम्ही म्हणायचो, हात नाही म्हणजे निर्णय नाही. पण निर्णय नाही म्हणजे फाटकं रबर चालू, हे कुणी म्हणत नव्हतं. एकटा माणूस "नाही" म्हणून सगळ्यांवर राज्य करतो, हे मला गाडी चालवणाऱ्या मुलीला दिसत होतं आणि वर्गाला जाऊन आलेल्या बाईला दिसत नव्हतं.

दमट माल हॉस्पिटलला जातच राहिला. एक दिवस तिथल्या मोठ्या सिस्टर, मेट्रन, स्वतः आमच्याकडे आल्या. पांढरा कडक कोट, आमच्याच इस्त्रीचा. त्यांनी एक चादर टेबलावर टाकली.

"हात लावा. ही मी ऑपरेशन झालेल्या माणसाखाली घालू?"

घडीवालीनं चादरीला बोट लावलं आणि मागे सरली. मेट्रननी विचारलं,

"इथला प्रमुख कोण?"

मावशी म्हणाली, "आम्ही पाचही."

"बाई, पाच जणांना फोन करत बसायला मला वेळ नाही. सोमवारपर्यंत मला एक माणूस द्या. मी विचारलं की तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणणारा. नाहीतर काम दुसरीकडे जाईल."

त्या गेल्या आणि आम्ही टेबलाभोवती उभे राहिलो. हॉस्पिटल गेलं की लॉन्ड्री संपली, हे सांगायला कुणी नको होतं. मीच म्हटलं, मावशीचं नाव देऊ. माझा हात पडला. घडीवालीचा पडला. बॉयलरकाकांनी "चालेल" म्हणून ठेवला. आणि वकील! त्यानं खिशातून हात काढून टेबलावर ठेवला, हो! चार हात. मी मावशीकडे बघितलं.

तिचे हात ॲप्रनच्या आत.

"मावशी, नाटकं करू नकोस."

"मी नाही होणार. आज मेट्रनला हो म्हणेन, उद्या तुम्हाला नाही म्हणेन. परवा तुम्ही पाणी प्यायला जाताना माझ्याकडे बघाल."

"अगं, कोण बघतंय तुझ्याकडे! लॉन्ड्री बंद पडेल!"

"दुसरं काहीतरी काढू."

"मग पाच हातांचा नियम बदलू," घडीवाली म्हणाली. "जास्त हात ज्या बाजूला, ते खरं."

वकिलाचा हात लगेच पुन्हा खिशात. "नियम बदलायला पण पाच हात लागतात. माझा नाही."

मला तिथल्या तिथे टेबल उलटं करावंसं वाटलं. मावशीसाठी मी कुणाशीही भांडेन. गल्लीत तिला कुणी येडी म्हटलं तर मी त्याच्या अंगावर जाते. पण त्या दिवशी मी गाडीत जाऊन बसले आणि स्टिअरिंगवर हात आपटले.

सोमवारी फोन वाजला. बॉयलरकाकांनी उचलला. "हो, मीच बोलतोय. मीच प्रमुख." कुणाला विचारलं नाही. फोन ठेवला, शेठच्या मेहुण्याला बोलावलं, दुपारपर्यंत रबर बसलं.

आणि चादरी वाळल्या. खोटं कशाला बोलू? कडकडीत वाळल्या. मेट्रन खूश. वकील मान खाली घालून रोलरवर. घडीवाली म्हणाली, "बघ, सगळ्यांना सारखंच ओरडतात. मला चालतं." काका सकाळी भिंतीवर पाळ्या लावायचे, आम्ही मुकाट्यानं जायचो. मधल्या सुट्टीत टेबलावर चादरींचे ढीग. रिकामं करायची गरजच पडायची नाही.

मावशी घरी आली की भांडी आपटायची.

"काम होतंय ना पण," मी म्हटलं.

"शेठ असताना पण होत होतं."

"मग तूच हो म्हणायचं होतंस! खुर्ची रिकामी ठेवलीस, बसले ते."

"तेच तर," ती म्हणाली आणि पातेलं इतकं घासलं की मला वाटलं भोक पडेल. "मला वाटलं, खुर्ची ठेवलीच नाही की कुणी बसणार नाही."

मग वकिलाची गोष्ट झाली. त्यानं काकांना एक दिवस सांगितलं की रोलर जास्त तापतोय, वाफ कमी करा. काकांना ते उलट बोलणं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून पहाटेची पाळी रोज वकिलाची. बायको दुसऱ्या गावात नोकरीला, पोरगी लहान, तिला शाळेत हाच सोडतो. तो काकांना म्हणाला, "निदान आठवड्यातून थोडे दिवस..." हरकत वगैरे नाही, विनवणी. वकिलाच्या तोंडी तो सूर ऐकून मलाच कसंतरी झालं.

काका म्हणाले, "जमत नसेल तर दार उघडं आहे."

मावशीनं मशीन बंद केली. चालू मशीन, साबणाच्या पाण्यासकट. टेबलाजवळ गेली आणि चादरींचे ढीग उचलून ट्रॉलीत टाकायला लागली. घडीवाली ओरडली, "अगं, घड्या मोडतील!" मोडल्या. टेबल रिकामं झालं.

"पाळ्या इथे ठरतील," मावशी म्हणाली. "पूर्वीसारख्या." आणि हात ठेवला.

मी ठेवला. वकिलानं हात पुसून ठेवला. घडीवालीनं हाताची घडी घातली. "पुन्हा दमट चादरी? मी नाही."

बॉयलरकाका हसले. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. "एक हात खाली राहिला तरी ठरत नाही. तुझाच नियम ना बाई? इथे तर दोन आहेत. चला, कामाला लागा."

ते वळले पण. मला त्या क्षणी मावशीचा जेवढा राग आला तेवढा काकांचा नाही आला. तिचाच नियम. तिनंच आम्हाला पाजला, आणि आता त्याच नियमाआड उभं राहून ते राज्य करत होते. स्वतः नियम मोडून आत आले, आणि बाहेर काढायची वेळ आली की नियम दाखवतात!

"तीन," मावशी म्हणाली.

काका थांबले. "काय तीन?"

"तीन हात. तिकडे दोन. तीन जास्त आहेत. ठरलं."

"आपण मोजत नाही."

"आजपासून मोजतो."

"कुणी ठरवलं?"

"तुम्ही फोन उचललात तेव्हा कुणी ठरवलं होतं, भाऊ?"

मी आनंदानं उडीच मारणार होते, तेवढ्यात कोण बोलावं? वकील. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो!

"मावशी, हे चूक आहे. आज तिघं माझ्या बाजूनं. उद्या तिघं मिळून माझ्या पोरीची शाळा बुडवतील. तेव्हा पण ठरलं म्हणणार?"

"तू गप रे!" मी ओरडले.

"त्याला बोलू दे," मावशी म्हणाली. तिचा हात टेबलावरच होता. "बुडवू शकतील. बरोबर आहे तुझं. मग कशाला हात लावायचा नाही ते आधी ठरवू. पोरांची शाळा, आजारपण, घरचं मरण. त्यावर मोजणी नाही. तीन हात असोत नाहीतर चार. बाकीचं मोजायचं. आणि मेट्रनशी एक जण बोलेल, पण त्याला काढायचं झालं तर तीन हात पुरेत."

"कोण बोलणार?" घडीवालीनं विचारलं.

 सगळे मावशीकडेच बघत होते.

तीन हातांनी तेही ठरलं, मेट्रनशी मावशी बोलणार, आणि तिसरा हात तिचा होता. तो ठेवताना ती कुणाकडे बघत नव्हती.

काका गेले नाहीत. मला वाटत होतं जावेत. मी तसं म्हटलंही. मावशी म्हणाली, मत हरलं म्हणून माणूस घालवायचा नसतो. ते बॉयलर पेटवतात, वाफ वेळेवर देतात, आणि मावशीशी एक शब्द बोलत नाहीत. तोंड पाडलेला माणूस शेवटी तयार झालाच. घडीवाली मला ऐकू येईल असं पुटपुटते की मावशी-भाचीची दोन मतं घरातूनच ठरून येतात. तिला काय सांगू, आमच्या घरात भाजी कुठली करायची यावर पण एकमत होत नाही.

परवा मेट्रनचा फोन आला. मी शेजारीच पोती उचलत होते. अभ्रे कमी आले म्हणून त्या बोलत होत्या, आणि उद्याच्या उद्या दुप्पट माल पाहिजे होता. मावशी ऐकत होती. तिनं एकदा मान वळवून आमच्या चौघांकडे बघितलं. वकील रोलरवर, घडीवाली पाठमोरी, काका वाफेत. विचारायला वेळ नव्हता. टेबल भरलेलं होतं.

"हो," ती म्हणाली. "देतो."

फोन ठेवला आणि तिथेच उभी राहिली. मी म्हटलं, "बरोबर केलंस. दुसरं काय म्हणणार होतीस?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला विचारलंच नाही ना."

मग ती वकिलाला सांगायला गेली की उद्या सगळ्यांना जास्त वेळ थांबायला लागेल. आणि मी लांबूनच बघितलं, त्यानं हात खिशात घातले.