शिबिरातली ठाणेदारीण

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आमचं श्रमदानाचं शिबिर हिंगणीच्या पुढे, बोरच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात भरलं होतं. मुक्काम गावच्या शाळेत. नालवाडीत भाजी पिकवणाऱ्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शिबिराच्या सरांनी दारूबंदीच्या नाटकात ठाणेदाराचं काम मला दिलं, ते मला बक्षीसच वाटलं. सर नसते तर चार माणसांसमोर मी तोंड उघडलं नसतं, हे आजही मानते.

ठाण्याची शिस्त त्यांनी आमच्याकडून घोकून घेतली होती. हुकूम ठाणेदारानंच द्यायचा. जमादारानं झडती घ्यायची, शिपायांनी दार अडवायचं. ठाणेदार हलल्याशिवाय कुणी हलायचं नाही, आणि अंगावर खाकी असेपर्यंत कुणी हसायचं नाही. कपडे एनसीसीच्या पोरांचे, खांद्यावरचे तारे पुठ्ठ्याचे.

रात्री गाव जमावं म्हणून दुपारी त्याच वेशात फेरी काढली. आमचा जिल्हा दारूबंदीचा, तरी जंगलाकडेच्या गावांत मोहाची दारू निघायचीच. शेवटच्या घराशी आमच्या जमादारणीनं दारावर काठी आपटली आणि नाटकातलं वाक्य म्हटलं, झडती आहे, बाहेर या. मागच्या अंगाला भांडं पडल्याचा आवाज झाला. बकरी असेल, असं म्हणून आम्ही पुढे गेलो.

ऊन कलल्यावर त्या घरची बाई शाळेत आली. सर नाटकासाठी पेट्रोमॅक्सची बत्ती आणायला गेले होते. तिनं सरळ माझे पाय धरले.

"ठाणेदारीण बाई, माहा माणूस जंगलात पळाला. अंधार पडून राह्यला. तिकडं वाघ हाय."

आम्ही कॉलेजच्या मुली आहोत, असं मी सांगितलं. टोपी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती पुन्हा माझ्या हातात दिली. तिनं हाका मारून पाहिल्या होत्या, पण पोलिसांनीच तिला पाठवलं असं समजून तो आणखी आत सरकला होता.

जंगलाच्या कडेला आम्ही उभ्या राहिलो. मी ओरडले, आम्ही पोलीस नाही, बाहेर या. आत पाला वाजला आणि आवाज लांब गेला.

बाईनं माझा दंड धरला. "खोटं नका बोलू, बाई. सोडलं म्हना त्याले."

मी टोपी घातली.

"ठाणेदार बोलून राह्यली. तुमाले सोडलं. घरी जा."

मग पाला पुन्हा वाजला, या वेळी आमच्याकडे येत. माणूस आहे की जनावर, कळत नव्हतं. मला पळायचं होतं. पण ठाणेदार हलली नाही म्हणून मागच्या पोरीही हलत नव्हत्या, त्यांचे श्वास मला ऐकू येत होते.

तो बाहेर आला. नडग्या काट्यांनी फाटलेल्या. त्यानं मान वर न करता सलाम केला आणि विचारलं, "हजेरी द्याले येऊ काय?" सलामाला उत्तर म्हणून माझाही हात टोपीकडे गेला. त्यानं तो होकार समजला.

सर परत आल्यावर त्यांनी नाटक रद्द केलं, त्याच्या घरी जाऊन सगळं समजावलं. त्यानं हात जोडून ऐकून घेतलं. सकाळी शाळेच्या फाटकाशी हजर. दुसऱ्याही दिवशी. सर सांगत राहायचे आणि तो माझ्याकडे पाहत राहायचा. मी मान हलवली की जायचा. तो येईपर्यंत मी फाटकाशीच थांबायची.

शिबिर संपलं त्या सकाळी सामान ट्रकमध्ये चढत होतं. तो आला, ट्रककडे पाहिलं आणि मला म्हणाला, "आता मोठ्या ठाण्यात जाऊ काय हजेरीले?"

तो खरोखर गेला असता. आपण दारूच्या छाप्यातून पळालो आणि ठाणेदारीणबाईनं सोडलं, हे त्यानं खऱ्या ठाणेदारासमोर स्वतःच सांगितलं असतं.

पिशवीतून टोपी काढून मी डोक्यावर ठेवली. जमादारीण ट्रकवरून उतरून माझ्या मागे येऊन उभी राहिली. कुणी हसलं नाही.

"हजेरी बंद," मी म्हटलं. "तुमचं नाव काढलं. कोन्याच ठाण्यात जायचं नाई. हा हुकूम हाय."

त्यानं सलाम केला. ट्रक सुरू झाला तरी हात कपाळावरच होता. वळण येईपर्यंत मी टोपी काढली नाही.

तो नंतर मोठ्या ठाण्यात गेला की नाही, हे मला आजही माहीत नाही.