म्हशीचं लग्न, मास्क खाली करून

सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात, आणि खात्यात गळ्याचा काही उपयोग नसतो. सगळे लूम एकदम खडखडायला लागले की शेजारच्या माणसाच्या कानाशी बोंब मारली तरी तो तुमच्याकडे बघून नुसता प्रेमाने हसतो. म्हणून आम्ही लूमवाले ओठांनी बोलतो. तोंड ऐसपैस उघडायचं, शब्द दातांपर्यंत आणून समोरच्याला दाखवायचा, वरून हाताची थोडी फोडणी द्यायची. समोरचा ओठ वाचतो आणि तसंच उत्तर देतो. बाहेरचा माणूस आत आला तर त्याला वाटतं, इथे सगळे जण हवा चावतायत.

सुरतेजवळच्या सचिन गावातल्या खात्यात मी अर्धं आयुष्य असं बोललो, आणि मला सांगायला अजिबात संकोच नाही की तिथे माझ्यासारखा बोलणारा दुसरा नव्हता. इतरांनी ओठांनी कामाचं बोलावं: तार तुटली, चहा आला, मास्तर तापलाय. मी गोष्टी सांगायचो. दोन लूमच्या मधली चिंचोळी वाट हा माझा रंगमंच. एक डोळा ताण्याच्या धाग्यांवर, दुसरा माझ्यावर, असं माझं प्रेक्षागृह. आणि सगळ्यात जास्त मागणी होती ती म्हशीच्या लग्नाला.

गोष्ट आमच्या गावाकडच्या तालुक्यातली. नवरदेव पारावर टेकला असताना मागून आलेल्या म्हशीने त्याच्या मुंडावळ्या ओढल्या. अर्ध्या खाल्ल्या, अर्ध्या तिच्या शिंगाला लटकल्या. मुहूर्त टळत होता, म्हैस ऐकेना, तेव्हा वरबापाने ठरवलं की म्हशीलाच पुढे घालून वरात न्यायची, मुंडावळ्या मांडवात गेल्यावर सोडवू. दारात मुलीची म्हातारी आत्या ओवाळायला उभी. तिला दिसायचं कमी. तिने मुंडावळ्या बघितल्या आणि म्हशीला ओवाळलं. कुंकू लावलं, तोंडात पेढा दिला, गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि मागे वळून म्हणाली, "जावई कमी बोलतो. पोरगी सुखात राहील."

एवढीच गोष्ट. पण वरात, म्हशीची चाल, नवरदेवाचा रडवेला चेहरा, आत्याचे मिचमिचे डोळे, हे सगळं मी एकटा करायचो. माझ्या समोरच्या लूमवर माझा जोडीदार होता, आमच्याच तालुक्यातला. त्याने ती गोष्ट कितीदा बघितली असेल कोण जाणे. दर वेळी आत्याच्या वाक्याला तो लूमला हात टेकून वाकायचा. खात्यात हसण्याचाही आवाज येत नाही. नुसते खांदे हलतात.

मग तो आजार आला, लूम बंद झाले, पुन्हा सुरू झाले, आणि शेठने सगळ्यांना मास्क वाटले. आता तुम्हीच सांगा, ज्यांचे शब्द ओठांवर राहतात त्यांनी ओठ झाकून काय करायचं? आम्ही शिस्तीची माणसं. गप्प असताना सगळे मास्क नाकापर्यंत चढवून उभे. बोलायची वेळ आली की मास्क हनुवटीखाली, तोंड भलंमोठं उघडं, वाक्य पूर्ण, मास्क वर. म्हणजे ज्या क्षणी तोंड झाकायचं त्याच क्षणी आम्ही ते उघडत होतो, तेही एकमेकांच्या अगदी जवळ जाऊन, कारण कापसाच्या धुरळ्यात लांबचे ओठ नीट दिसत नाहीत. कोणाच्या डोक्यातही आलं नाही की यात काही चुकतंय. खात्यावर देखरेख करणारा मास्तर स्वतः मास्क खाली ओढून आम्हाला सांगायचा, "मास्क वर घ्या."

खात्यातले बरेच जण आडवे झाले. मला आधी अंग दुखलं, मग ताप, मग कोरडा खोकला. जोडीदाराच्या बायकोने डबा पाठवला होता, शेवभाजीचा, आमच्याकडची, लालभडक. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, कान तापले, नाक वाहायला लागलं, पण चव काहीच नाही. तिखट लागत होतं आणि भाजी लागत नव्हती. मी डबा जवळ घेऊन वास घेतला, मग साबण हुंगला, मग रॉकेलची बाटली. तिन्ही वस्तू सारख्याच सभ्य झाल्या होत्या.

जिना चढून खोलीत जाताना मधेच बसलो तेव्हा जोडीदाराने रिक्षा बोलावली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, साखर आहे? आहे. वय पन्नाशीच्या पुढे? पुढे. बिडी? ओढतो. वजन? त्याने पोटाकडे बघितलं आणि उत्तराची वाट बघितली नाही. काम काय? लूमवर, कापसाच्या धुळीत. आयुष्यात इतक्या सगळ्या अटींत मी कधीच बसलो नव्हतो. मुलगी बघायला गेलो होतो तेव्हासुद्धा दोन-तीन ठिकाणी अडलो होतो.

मला ऑक्सिजन लावला आणि पालथं झोपवलं. पालथ्या माणसाला प्रेक्षक नसतो, हे मला तिथे कळलं. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थाला काही सांगावं म्हणून मी नळीच्या आडून ओठ हलवले. सिस्टर लगेच आली. तिचा सगळा चेहरा झाकलेला, फक्त डोळे उघडे. म्हणाली, "काका, बोलवानुं नथी." मला म्हणायचं होतं, बोलत कुठे होतो, ओठ हलवत होतो. पण ते म्हणायला दम नव्हता. शेजारच्या गृहस्थाने माझ्याकडे बघून हात थोडा वर केला. दुसऱ्या सकाळी ती खाट धुऊन ठेवली होती.

मी घरी आलो. घर म्हणजे सुरतेतल्या नवागाममधली खोली. बायको गावी, माझ्या अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी. ताप गेला, पण जाताना त्याने घरातल्या वस्तू इकडच्या तिकडे करून ठेवल्या. केस पुंजक्यांनी गळले, ते पुन्हा आले. वास आला, पण उलटसुलट. कांदा परतला की टायर जळल्यासारखं वाटायचं, तेही हळूहळू मिटलं. दोन गोष्टी मात्र आजपर्यंत परत आल्या नाहीत. एक म्हणजे दम. चार वाक्यं सलग बोललो की छाती धाप टाकते आणि पाचवं वाक्य तसंच राहतं. दुसरी गोष्ट शब्दांची. बोलता बोलता मधेच एखादा साधा शब्द उठून निघून जातो. चमचा. मंगळवार. माझ्या थोरल्या मेहुण्याचं नाव, अर्थात त्याचं मला फार दुःख नाही.

डॉक्टर म्हणाला, काही जणांचं असं रेंगाळतं, धुळीपासून लांब राहा, धूळ असेल तिथे मास्क लावा. शेठ भला माणूस, त्याने मला वरच्या मजल्यावर कापड तपासायला बसवलं. काचेचं टेबल, खालून दिवा, वरून कापडाचा ताका सरकत जातो, डाग दिसला की खूण करायची. शांत खोली. टेबलापलीकडे दोन तरुण पोरी, दोघींच्या कानात मोबाइलच्या गाण्यांची बोंडं. बोलायला सगळी मोकळीक, आणि बोलायला दम नाही. खाली दमाची गरज नाही, तर तिथे मला जाता येत नाही. असा माझा बंदोबस्त झाला.

संध्याकाळी गल्लीच्या ओट्यावर पूर्वी लोक माझ्यासाठी जागा धरायचे. बरा झाल्यावर तिथे मी म्हशीचं लग्न काढलं. पारापर्यंत आलो आणि धाप लागली. लोक प्रेमळ. कोणी पाणी आणलं, कोणी पाठीवर हात ठेवला. "राहू द्या काका, आराम करा." पुन्हा एकदा काढलं तर मुंडावळ्या हा शब्दच सापडेना. मी कपाळाला हात लावून "ते, इथलं, लोंबतं ते" असं करत बसलो आणि एक बाई म्हणाली, डोकं दुखतंय का यांचं? त्यानंतर मी ओट्यावर ऐकायला बसायला लागलो. मग तेही कमी झालं.

बायकोचा फोन यायचा.

"जेवनात का?"

"हो."

"काय खादं?"

"खिचडी."

"बरं शे ना?"

"शे."

एकदा ती म्हणाली, "तुम्ही आजकाल फार शहाण्यासारखं बोलतात. मले करमत नाही." मलाही करमत नव्हतं. पण ते नीट सांगायला निदान सहा वाक्यं लागली असती.

या उन्हाळ्यात जोडीदार वर आला आणि टेबलाशी उभा राहिला. त्या शांत खोलीतही तो ओठांनीच बोलला, सवयीने. पोराने गावी घर बांधलंय, सून बोलावतेय, खातं सोडतोय.

आमच्या खात्याची एक रीत आहे. कायमचा निघणारा माणूस शेवटच्या पाळीला जे मागेल ते त्याला द्यायचं. बहुतेक जण खमण मागतात. एकाने मास्तरला नाचायला लावलं होतं, आणि मास्तर नाचला होता.

"मला म्हशीचं लग्न पाहिजे," तो म्हणाला.

"भो, माझा दम तुला माहितीये."

"दम कोणी मागितला? म्हैस मागितली."

"खाली धूळ आहे. डॉक्टरने सांगितलंय, मास्कशिवाय जायचं नाही."

"मग मास्क लावून ये."

"मास्क लावला तर ओठ कुठून दिसतील?"

त्याने डोकं खाजवलं. "ते तू बघ. नट तू आहेस."

मी खोलीत आरशासमोर तालीम केली. म्हशीची चाल जमत होती. पण शब्द. आत्याच्या तोंडापर्यंत यायचो आणि समोर कोरी भिंत. ज्या वाक्यावर माझं सगळं नाव उभं होतं, तेच कधी यायचं, कधी यायचं नाही. खात्यात ते आलं नाही तर जोडीदार गावी काय घेऊन जाणार? अर्धी म्हैस?

त्याच्या शेवटच्या दिवशी पाळी सुटायच्या जरा आधी मी जिना उतरलो. मधल्या वळणावर थांबून श्वास गोळा केला, मास्क चढवला आणि आत गेलो. इतक्या दिवसांनी तो खडखडाट छातीवर आदळला आणि मला मेजवानीला आल्यासारखं वाटलं. सगळ्यांनी मान वर केली. नवी पोरंही होती. त्यांनी माझ्याबद्दल ऐकलं होतं, बघितलं नव्हतं.

मी सुरुवात केली. मास्क लावूनच. पारावर टेकलेला नवरदेव भुवयांनी केला. म्हशीची चाल कमरेने. रवंथ करायला तोंड दिसावं लागत नाही, मास्कच गोल गोल हलला आणि ते मूळच्यापेक्षा सरस झालं. धाप लागली तर म्हशीला थांबवायचं, ती कुठेही थांबू शकते. बोलायला दम लागत नाही तिथे मी पुन्हा पूर्वीइतकाच लांबलचक झालो. वरात दोन लूमच्या मधून निघाली, मांडवाशी आली. आत्या मिचमिचे डोळे करून पुढे झाली. तिने ओवाळलं, पेढा दिला, बोटं मोडली.

आता ओठ लागणार होते. मी मास्क हनुवटीखाली ओढला, मागे वळलो, तोंड ऐसपैस उघडलं.

काहीच आलं नाही.

तोंड उघडंच राहिलं, आणि त्यात धूळ गेली. खोकला सुरू झाला. मी लूमची कडा धरली. डोळ्यांत पाणी, समोर सगळं धूसर, आणि त्या धूसरपणात मला जोडीदाराचं तोंड दिसलं. तो सावकाश, मोठे मोठे ओठ करून, म्हणत होता: जावई कमी बोलतो.

त्याच्या पलीकडच्या माणसाने ते वाक्य पुढे घेतलं: पोरगी सुखात राहील. मग त्या पलीकडच्याने, मग रांगेतल्या सगळ्या जुन्यांनी, आणि शेवटी नव्या पोरांनीही, नुसतं बघून बघून. खांदे हलायला लागले. जोडीदार लूमला हात टेकून वाकला. मास्तरने येऊन माझा मास्क स्वतःच्या हाताने नाकावर चढवला आणि मला दाराबाहेर आणून बसवलं.

बाहेर पायरीवर मला बराच वेळ श्वास सापडत नव्हता. आतून खडखडाट येत होता. माझी म्हैस माझ्याशिवाय मांडवात पोचली होती. कोणी विचारलं असतं, आनंद झाला का, तर मी हो म्हणालो असतो, आणि ते खरंच असतं. पण पायरीवर विचारणारं कोणी नव्हतं. पाळी सुटली, लोक पाठीवर थाप मारून गेले. जोडीदार सामान बांधायला गेला.

आता तो गावाहून व्हिडिओ कॉल करतो. पहिल्याच वेळी आम्ही दोघेही न ठरवता ओठांनी बोलायला लागलो. दम लागत नाही, गल्लीला ऐकू जात नाही, हवं तितकं बोलता येतं. मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "फोन बिघडला काय? आवाजच नाही." तो तिच्याकडे न बघता मला म्हणाला, बिनआवाजी, की घर छान आहे, हवा चांगली आहे आणि बोलायला कोणी नाही.

मग मी म्हशीचं लग्न काढतो. आत्यापाशी आलो की मी थांबतो आणि पुढचं तो म्हणतो. आठवत असलं तरी मी थांबतो. कधी कधी नेमकं तेव्हाच त्याच्याकडचं नेटवर्क जातं. पडद्यावर तो तोंड उघडं टाकून गोठलेला असतो. मी फोन डब्याला टेकवून ठेवतो आणि खिचडी खातो. त्याच्या ओठांवरून मला दिसतं, तो 'कमी'पर्यंत आलाय.